तुतीविरुद्ध बारा अर्ज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, निवृत्त विज्ञान शिक्षिका आणि एका पुस्तकाची लेखिका, राहणार याच घराचा वरचा मजला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने आणि समास सोडून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार आणि महिना विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि जाता जाता त्यांच्या दाखल्यातला 'मानसीक' हा शब्द ऱ्हस्व करून दिला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असे या घरात एकच माणूस आहे, आणि ते मीच आहे.

कलम १. याआधी मी दहा वर्षांपूर्वी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे घर माझ्या प्रकाशकांच्या नियोजित 'आत्मपरिवर्तन केंद्रा'ला दिले होते आणि जिन्याच्या तोंडाशी माझा अर्धपुतळा बसवावा अशी इच्छा लिहिली होती. ते मृत्युपत्र लेकीवरच्या रागात केले होते. रागात माणूस घर देऊन टाकतो हे समजू शकते. पुतळा का मागतो, हे मला आजही उलगडलेले नाही. ते मृत्युपत्र मी रद्द करते. पुतळ्यासाठी काढलेले माझे चार बाजूंचे फोटो कपाटात आहेत, ते कोणीही न पाहता फाडावेत.

कलम २. राहते घर, म्हणजे वरचा मजला, गच्चीसह, माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात आमचे हे हयात असतील तर त्यांनी तहहयात इथे राहावे. त्यांना कोणी उठवू नये, विशेषतः गॅलरीतल्या खुर्चीवरून. त्यांच्या पश्चात हे घर माझ्या लेकीच्या मालकीचे व्हावे.

यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण माझ्या पुस्तकात यांच्याबद्दल एकही नाही. हे घड्याळे दुरुस्त करायचे. बाजाराच्या टोकाला, जिन्याखाली, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून दिवसभर काट्यांच्या पोटात बघायचे आणि घरी येऊन गॅलरीत बसायचे. बोलणे कमी. मी बोलायचे आणि हे 'हं' म्हणायचे. पंचेचाळीस वर्षांत त्या 'हं'चे निदान चार अर्थ होते हे मला उशिरा कळले.

कलम ३. माझे पुस्तक. त्याचे नाव इथे लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखे होईल. ज्यांनी वाचले आहे त्यांना ते हिरव्या कव्हरचे म्हणून माहीत आहे.

हे पुस्तक कसे लिहिले गेले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे सांगते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. चौतीस वर्षे वर्गावर घालवलेल्या बाईला अचानक ऐकणारे कोणी उरले नाही. मग मी मागच्या खोलीत बसून वाचनालयातली निसर्ग आणि मनःशांतीवरची चौदा पुस्तके वाचली आणि पंधरावे लिहिले. त्यातले पहिलेच वाक्य लोकांना फार आवडते: 'रोज पहाटे मी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसते आणि माझ्यातली शिक्षिका हळूहळू विरघळत जाते.'

प्रत्यक्षात त्या खोलीची खिडकी अकरा वर्षे बंद होती. काचांना वर्तमानपत्र चिकटवले होते. कारण खिडकीबाहेर तुतीचे झाड आहे. ते माझे नाही, नगरपालिकेच्या पट्टीत उभे आहे. त्यावर सुरवंट होत, पक्षी येत, आणि फळे पिकली की दोरीवरचे सगळे कपडे जांभळे होत. दरवर्षी फळांच्या दिवसांत मी उद्यान खात्याला अर्ज करायचे: सदर झाड आरोग्यास अपायकारक असून त्वरित तोडण्यात यावे. पुस्तक छापून आले त्या वर्षीही केला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बुंध्याला पाठ टेकून बसले होते आणि अर्जात तोच बुंधा जमिनीपासून कापायला सांगत होते. दोन्हीकडे माझे शुद्धलेखन निर्दोष होते.

पुस्तक चालले. लोक पत्रे पाठवू लागले. एका बाईंनी लिहिले की त्या आता रोज एका झाडाला मिठी मारतात. मी उत्तर पाठवले, 'हळू मारा.' कारण मला मुंग्यांची भीती वाटत होती.

मग लेकीचा फोन आला. ती तेव्हा बत्तीस वर्षांची, दुसऱ्या शहरात, कडेवर एक वर्षाची मुलगी.

"आई, पान सत्तेचाळीसवरची मुलगी कोण?"

"तू. आणखी कोण?"

"नाही. ती बरी वाटली मला. तिच्या आईलाही भेटायला आवडलं असतं."

आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षे ती आली नाही. फोन करायची, पण दुकानात, यांना. नात चालायला लागली हे मला रात्रीच्या जेवणावर यांच्याकडून कळले. "दोन पावलं टाकली म्हणे," हे म्हणाले. मी म्हटले, "मला काय त्याचं." आणि आत जाऊन एक तास भांडी घासत बसले. भांडी चारच होती.

पान सत्तेचाळीसवर काय होते ते पुढे येईल. पुस्तकाचे सर्व हक्क मी माझ्या नातीला देते; अट एकच, ती कलम ७ मध्ये आहे.

कलम ४. टेपरेकॉर्डर आणि त्यातली एकुलती एक टेप. मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली तेव्हा मी यांना म्हटले, कुठून तरी पक्ष्यांच्या आवाजाची टेप मिळवा. चार दिवसांत यांनी आणून दिली. मग दोन वर्षे मी थंडगार सभागृहांत, पडदे ओढून, शंभर-शंभर लोकांना डोळे मिटायला लावून ती टेप ऐकवली. 'तुम्ही मूळ आहात,' मी म्हणायचे, 'खाली जा, अजून खाली.' पुढच्या रांगेतले एक गृहस्थ एकदा इतके खाली गेले की घोरू लागले.

एका व्याख्यानानंतर कोणी विचारले, "ती शेवटची लांब शिट्टी कोणत्या पक्ष्याची?"

मी म्हटले, "घनदाट अरण्यातला आहे. फार लाजाळू. तीनदाच ओरडतो."

तो आमचा कुकर होता. यांनी ती टेप आमच्याच गॅलरीत बसून भरली होती. मला हे पुढे कळले, कसे ते खालच्या कलमात आहे. ही टेप आणि हे यंत्र यांच्याकडेच राहावे. कुकर नातीला.

कलम ५. लोखंडी पेटीतले भरलेले तक्ते, नऊ वर्षांचे, तारीखवार. हे मी नातीला देते. माझ्याकडे मौल्यवान असे हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बारावा अर्ज केला तेव्हा प्रथमच कोणीतरी आले. उद्यान खात्याचे निरीक्षक, हातात मोजपट्टी, खांद्याला कापडी पिशवी. आधी त्यांनी झाडाचा घेर मोजला आणि लिहून घेतला. मग वर आले.

"बाई, अर्जदार आपणच?"

"हो. आधीच्या अकरांचं उत्तर आलेलं नाही."

त्यांनी पिशवीतून हिरव्या कव्हरचे पुस्तक काढले. "आणि हे? बायकोनं सही आणायला सांगितलंय. मला वाटलं, एकाच नावाच्या दोघी असतील."

चौतीस वर्षांत माझ्यावर कधी कोपऱ्यात उभे राहण्याची वेळ आली नव्हती. त्या क्षणी मला कोपरा हवासा वाटला.

"एकच आहे," मी म्हटले.

त्यांनी पुस्तकाकडे पाहिले, अर्जाकडे पाहिले, आणि वर्तमानपत्र लावलेल्या खिडकीकडे पाहिले. "मग सोपंच झालं," ते म्हणाले. "नियम असा आहे की तोडण्याआधी सात दिवस पाहणी करावी लागते. घरटी, पक्षी, कीटक. रोज सकाळी सहा ते आठ. आमच्याकडे माणूस नाही. अर्जदारानं केली तरी चालते. आणि तुम्ही तर रोज त्या वेळी झाडाखाली बसताच."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. तो टोमणा होता का, असे मी त्यांना नऊ वर्षे विचारते आहे. ते म्हणतात, "नियम होता." असा काही नियम नव्हता हे मला नंतर खात्यातूनच कळले.

त्यांनी मला एक तक्ता दिला. वेळ, पक्षी, संख्या, घरटे, कीटक, शेरा. रिकामा रकाना मला बघवत नाही, हा माझा जुना आजार आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्ची, छत्री, टॉवेल आणि पायमोजे दोन जोड घालून खाली उतरले.

पहिल्या दिवसाचा तक्ता पेटीत सर्वांत वर आहे. पक्षी: करडा. दुसरा पक्षी: तोही करडा. कीटक: एक, मानेवर. शेरा: मारला.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल चावत बसले होते तर वरून, गॅलरीतून आवाज आला. "तो होला आहे. आणि शेजारची त्याची बायको."

"तुम्हाला काय माहीत?"

"गेली कित्येक वर्षं येतात. याच फांदीवर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

हे कठड्यावरून खाली वाकले. "खिडकी बंद असायची," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बरोबर सव्वासात वाजता मला माझीच टेप ऐकू येऊ लागली. आधी होल्याचे घुमणे, मग एका छोट्या काळ्या पक्ष्याची चढती तान, मग चिमण्यांचे भांडण, सगळे त्याच क्रमाने. आणि मग वरच्या मजल्यावरून तीन लांब शिट्ट्या. मी वर पाहिले. हे कुकरखालचा गॅस बंद करून गॅलरीत आले होते.

"टेप इथली आहे?" मी विचारले.

"मग तुला काय वाटलं, मी जंगलात गेलो होतो? दुकान कोण बघणार?"

ज्या झाडाचे आवाज ऐकवून मी शंभर-शंभर लोकांची मने शांत केली होती, त्याच झाडावर माझे बारा अर्ज होते. त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. रिकामा ठेवलेला माझा तो पहिलाच रकाना.

चौथ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या दोन बायका थांबल्या. एकीने दुसरीला सांगितले, "बघ, पुस्तकात लिहिलंय तशाच बसतात." मी त्यांना नमस्कार केला. मांडीवरच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत 'वृक्षतोडपूर्व पाहणी' असे छापले होते, त्यावर टॉवेल टाकला.

पाचव्या दिवशी घरटे दिसले. होल्याचे घरटे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, ते घरटे म्हणजे आळस आहे. आठ-दहा काड्या, त्याही एकमेकींना न विचारता ठेवलेल्या. खालून बघितले तर अंडी दिसतात. मी चौतीस वर्षे मुलांना 'पक्षी कौशल्याने घरटे विणतात' हे वाक्य पाठ करायला लावले होते, आणि माझ्या डोक्यावर हे. माझ्या वर्गात कोणी असे घरटे करून आणले असते तर दहापैकी दोन गुण आणि 'काम नेटके नाही' हा शेरा ठरलेला होता.

सहाव्या दिवशी अवकाळी आला, वाऱ्यासकट. मी छत्री उघडली आणि वर बघत बसले, आता पडेल म्हणून. फांदी हेलकावे खात होती. पक्षीण उठली नाही. पिसे फुगवून, डोळे अर्धे मिटून, त्या दोन गुणांच्या घरट्यात दोन अंड्यांवर बसून राहिली, पाऊण तास. घरटे राहिले.

मला वाटले, मी असते तर उठले असते. आधी घरटे नीट करायला उठले असते, अंड्यांना रांगेत लावले असते, फांदीला बोल लावला असता. तिथे, ओल्या पायमोज्यांत, मला माझ्या लेकीची आठवण झाली. पुस्तकातली नव्हे, खरीखुरी. आणि मी छत्रीखाली रडले. पुस्तकात एकूण एकोणीस ठिकाणी मी निसर्गाच्या सहवासात रडले आहे. प्रत्यक्षात ही पहिली वेळ. पुस्तकात नाक वाहत नाही, हा एक फरक.

सातव्या दिवशी निरीक्षक आले. मी तक्ता दिला. शेऱ्यात लिहिले होते: घरटे आहे. काम पुढे ढकलावे.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"पिल्लं उडेपर्यंत."

"मग?"

"मग पुन्हा पाहणी करू. मी पहिल्या तक्त्यात चुका केल्यात. एक कीटक मारलाय."

त्यांनी पिशवीतून कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठाच काढला. तो त्यांनी येतानाच आणला होता. ती पाहणी अजून पूर्ण झालेली नाही.

पडद्याच्या सभागृहांतली व्याख्याने मी बंद केली. ज्यांना यायचे ते रविवारी झाडाखाली येतात. त्यांना मी मूळ व्हायला सांगत नाही. तक्ता देते आणि गप्प बसायला सांगते. कोणी विचारतात, "बाई, आत्मपरिवर्तन कुठे भरायचं?" मी सांगते, त्याला रकाना नाही. कीटक भरा.

कलम ६. खालच्या मजल्यावरचे गणिताचे सर. ते माझ्याच शाळेत होते. तुतीविरुद्धच्या अर्जांवर दुसरी सही सरांचीच असायची, कारण त्यांची पांढरी गाडी झाडाखाली उभी असते. मी माघार घेतल्यावर ते जिन्यात आडवे आले. "अर्ज दोघांचा होता, बाई. तुम्ही एकट्या कशा फिरलात?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पत्रव्यवहार मात्र चालू आहे. दारातून चिठ्ठी येते: 'आज बॉनेटवर डाग त्रेपन्न. काल एकेचाळीस.' मी खाली उत्तर लिहून पाठवते: 'वाढ सुमारे एकोणतीस टक्के. फळे उत्तम धरली आहेत.' एकदा त्यांनी माझा दशांश दुरुस्त करून पाठवला. तो त्यांचा बरोबर होता, हे मी इथे कबूल करते. माझ्या हयातीत ते त्यांना सांगू नये.

निरोप समारंभात शाळेने मला, मी विज्ञान शिकवणारी म्हणून, कुंडीतले एक प्लास्टिकचे झाड दिले होते. ते मी सरांना देते. याची पाने गळत नाहीत, फळे पडत नाहीत. त्यांनी गाडी खुशाल याच्याखाली लावावी.

कलम ७. पान सत्तेचाळीस.

त्या पानावर मी असे लिहिले होते: मुलगी सात वर्षांची असताना एकदा पाऊस थांबल्यावर मी तिचा हात धरून चिखलात उतरले. आम्ही दोघी अनवाणी होतो. त्या दिवशी मला कळले की आई होणे म्हणजे पुन्हा मूल होणे. लोक या पानावर रडतात, असे प्रकाशकांचे म्हणणे.

घडले होते ते असे. ती एकटीच चिखलात गेली होती. बूट भरवून घरी आली आणि डब्यात बेडूक घेऊन आली. तो मला दाखवायला आणला होता, कारण त्या आठवड्यात मी वर्गात उभयचर शिकवत होते, तक्त्यावर. मी बूट पाहिले आणि तिला थोबाडीत मारली.

सात दिवसांची पाहणी संपली त्याच आठवड्यात मी प्रकाशकांकडे गेले आणि म्हटले, पान बदलायचे आहे.

"बाई, ते पान म्हणजे पुस्तकाचा आत्मा आहे," ते म्हणाले.

"ते घडलेलं नाही."

"पण वाटतं ना घडल्यासारखं? लोकांना तेच हवंय."

मी पायऱ्या उतरून शेजारच्या छापखान्यात गेले आणि स्वतःच्या खर्चाने शुद्धिपत्रक छापून घेतले. 'पान ४७, ओळ ३: "तिचा हात धरून चिखलात उतरले" याऐवजी "मुलगी बेडूक दाखवायला आली असता तिला थोबाडीत मारली" असे वाचावे.' मग पिशवीत चिठ्ठ्या घेऊन शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन, हिरव्या पुस्तकांत एकेक सरकवू लागले. तिसऱ्या दुकानात रखवालदाराने मला पकडले. त्याने पिशवी उघडली आणि चिठ्ठ्या पाहिल्या.

"बाई, लोक पुस्तकातली पानं चोरतात. तुम्ही घालताय. याला मी काय म्हणून पकडू?"

त्याने एक चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिले. "बेडकासाठी मारलंत?" त्याने विचारले. मी हो म्हटले. त्याने पिशवी परत दिली. "ते वरच्या कप्प्यात अजून सहा आहेत," म्हणाला.

एक चिठ्ठी मी लेकीला टपालाने पाठवली. सोबत पत्र लिहिले नाही. तीन मसुदे केले होते. तिन्ही फार चांगले उतरले होते म्हणून फाडले. अकरा दिवस काही आले नाही. बाराव्या दिवशी सकाळी मी झाडाखाली तक्ता भरत असताना ती समोर उभी होती. हातात चिठ्ठी आणि पुस्तक, मागे तीन वर्षांची नात, बोटाला धरलेली.

"ओळ चौथी आहे," लेक म्हणाली. "तिसरी नाही."

मी पुस्तक घेऊन मोजले. चौथी होती.

"आणि एक नाही. दोन."

"दोन?"

"एक बुटांसाठी, एक बेडकासाठी."

मला दुसरी आठवत नव्हती. ज्याने मारलेली असते त्याला एकच आठवते. मी विचारले, "बेडकाचं काय झालं?"

"तू खिडकीतून टाकलास. मी खाली जाऊन शोधला. अंधार पडेपर्यंत. नाही सापडला."

मी माफी मागितली. कशी, कोणत्या शब्दांत, आणि ती काय म्हणाली, ते इथे लिहीत नाही. लिहिण्याचा मोह होतो आहे, पान उत्तम होईल. म्हणूनच लिहीत नाही. एवढेच नोंदवते की यांनी वरून आणखी दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि हे परत वर गेले, आणि नातीने माझ्या तक्त्यावर कीटकाच्या रकान्यात पेन्सिलीने एक गोळा काढला. तो कोणता कीटक हे ओळखता आलेले नाही. नोंद ग्राह्य धरली आहे.

सबब, पुस्तकाचे हक्क नातीकडे जातील ते या अटीवर की प्रत्येक आवृत्तीला हे शुद्धिपत्रक, आणि शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक (ओळ ४, 'दोनदा'), जोडले जाईल. प्रकाशकांना ही अट मान्य नसेल तर पुस्तक बंद पडावे. माझी हरकत नाही. चौदा पुस्तके वाचनालयात आहेतच.

कलम ८. किरकोळ. सूक्ष्मदर्शक नातीला, ती आता बारा वर्षांची आहे आणि मला खोडून काढते. फुलाचे भाग दाखवणारा भिंतीवरचा तक्ता कोणालाही देऊ नये, त्यातल्या फुलासारखे फूल मी अजून पाहिलेले नाही. लाल पेनांचा डबा यांना द्यावा. भिंग लावून त्यांचे काही करता आले तर त्यांनी करावे. पायमोजे दोन जोड फेकून द्यावेत, सातव्या दिवसानंतर ते वापरलेले नाहीत.

कलम ९. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मी चौतीस वर्षे चित्रांवरून शिकवले. निदान माझ्यावरून तरी कोणीतरी खऱ्या वस्तूकडे बघून शिकावे. भाषणे नकोत. प्रकाशकांना बोलायचेच असेल तर सकाळी सहा वाजता झाडाखाली बोलवावे. ते येणार नाहीत.

कलम १०. हे कलम आज, सहीच्या दिवशी, ऐन वेळी लिहिले आहे.

सहीसाठी दोन साक्षीदार ठरले होते: निवृत्त निरीक्षक आणि गणिताचे सर. यांनी खाली जाऊन सरांना विनंती केली आणि नऊ वर्षांत प्रथमच सर आमच्या जिन्याने वर आले. सही करण्याआधी सर्व वाचायचे ही त्यांची सवय. वाचता वाचता ते कलम ६ वर थांबले. सहीसाठी बोलावलेल्या वकिलांनी खुलासा केला, "सर, ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष देऊ नये. झाड सोडत असाल तर सही करा."

सरांनी पेनाला टोपण लावले. "झाड मला हवंय," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवून बसले. चहा मात्र घेतला. दशांशाचे कलम त्यांनी दोनदा वाचले.

एक साक्षीदार कमी पडला. वकील घड्याळाकडे बघू लागले, आणि हे त्यांच्या घड्याळाकडे, ते चार मिनिटे मागे होते म्हणून. तेव्हा माझी लेक, जी इतका वेळ दाराशी उभी राहून सरांची वाचून झालेली पाने वाचत होती, म्हणाली, "मी करते सही."

वकील म्हणाले, "ताई, मग कलम दोनमधलं घर तुम्हाला मिळणार नाही."

"नको."

मी म्हटले, "वेडी आहेस का? घर आहे ते."

"आई, तुझ्या पुस्तकात मी आहे, मला न विचारता," ती म्हणाली. "या कागदावर तरी मी माझ्या हातानं असेन."

मी पेन उचलले. यांनी 'हं' म्हटले. हा पाचवा अर्थ होता.

त्याप्रमाणे दुरुस्ती: कलम २ मध्ये 'लेकीच्या' याऐवजी 'नातीच्या' असे वाचावे. लेकीला मी काहीही देत नाही. कोणी यावरून गैरसमज करून घेऊ नये.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते घडले तसे लिहिले आहे.

लिहून ठेवणार: (सही)

माझ्यासमोर सही झाली:
साक्षीदार पहिली: (सही) लेक
साक्षीदार दुसरे: (सही) उद्यान निरीक्षक, निवृत्त, पाहणी चालू

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. (झाडाखाली सही करायची, असे ठरले होते. पण वारा होता आणि कागद उडत होते. खोटे कशाला लिहा.)

दिनांक: एकोणीस फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, वकिलांच्या घड्याळात दहा सोळा.